दाराची खालची कड

जुनी फियाट रस्त्याच्या कडेला उभी दिसली, की बहुतेकांची नजर आधी तिच्या जाळीवर आणि गोल दिव्यांवर जाते. ज्याला गाडी कळते तो वाकतो आणि दाराची खालची कड बघतो. फियाटची कुंडली तिथेच मांडलेली असते. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात उतरावं आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडावं, अशी मूळची योजना. ती भोकं चिखलाने बुजली, किंवा एखाद्या उत्साही रंगाऱ्याने रंगाखाली घातली, की पाणी आतच मुक्काम करतं आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेरच्या रंगाला तिळाएवढे फोड दिसायला लागतात, तेव्हा आतला पत्रा पापड झालेला असतो. जुन्या छत्रीची तार घेऊन मृगाच्या आधी ही भोकं मोकळी करणं हे पाच मिनिटांचं काम. ते ज्या घरात दरवर्षी झालं, त्या घरची फियाट कुठली हे कड बघूनच ओळखता येतं.

घराघरांत तिला फियाटच म्हणायचे. पद्मिनी हे नाव कागदावर. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात. १९५४ साली फियाटची ११०० आली. इटालियनमध्ये तिला मिलेचेंतो म्हणत, म्हणजे नुसतं ‘अकराशे’. मुंबईने त्याहून बरं नाव ठेवलं: डुक्कर फियाट. गुबगुबीत पाठ, पुढे आलेलं नाकाड, आणि पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. नावात तुच्छता अजिबात नाही. आज डुक्कर फियाट बाळगणारा माणूस ते नाव छाती फुगवून सांगतो. १९६४ साली ‘डिलाइट’ म्हणून ११००-डी आली. तिचं अंग चौकोनी आणि दारं सुलट. पुढे नाव प्रेसिडेंट झालं, मग चितोडच्या राणीवरून पद्मिनी. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ लाच थांबलं होतं. कुर्ल्यात तोच सांगाडा शतक संपत आलं तरी निघत होता.

हे सगळं आठवायचं कारण ‘ओरिजिनल’ हा शब्द. जुन्या गाड्यांच्या गर्दीत हा शब्द फार फेकला जातो. पण जी गाडी तीस-पस्तीस वर्षं कारखान्यातच बदलत राहिली, तिचं मूळ नेमकं कुठलं धरायचं? इंजिन १०८९ सीसीचं, चाळीसेक अश्वशक्तीचं, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पुढे १३७-डी नावाने तिच्यात डिझेल इंजिन बसवलं गेलं. अगदी शेवटी आलेल्या एस-१ मध्ये तर कंपनीनेच दांड्यावरचा गिअर काढून जमिनीवर आणला, तोही ११८-एनई या आपल्याच दुसऱ्या गाडीचा निस्सान गिअरबॉक्स लावून. म्हणजे फियाटमध्ये ११८-एनईचा गिअरबॉक्स घालणाऱ्या गॅरेजवाल्याने पाप केलं म्हणावं, तर तेच पाप कुर्ल्याने त्याच्या आधी केलेलं आहे.

रस्त्यावरची गाडी ओळखताना पाटीने बरीच मदत होते. १९८९ नंतर एमएच-०१, एमएच-१२ अशी पद्धत आली. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडा. बीएम, एमआर, एमएम अशी सुरुवात असेल तर मुंबई. जीडी असेल तर गोवा, त्यातला डी दमणचा. तीन अक्षरी पाटी आणि जमिनीवरचा गिअर एकत्र दिसले, तर गिअरबॉक्स नंतर बदललेला आहे हे खिडकीतून डोकावूनच कळतं. गोव्याच्या गाडीत दाराच्या कडेबरोबर पुढच्या दिव्यांच्या कड्यांमागेही बघावं. खारा वारा त्या खोबणीत शिरतो आणि क्रोमखालून पत्रा खातो. घाटावरची, साताऱ्या-सांगलीकडची गाडी पत्र्याला बहुधा चांगली निघते. तिथे बिघाड असतो तो रबरांत, कारण कोरड्या उन्हात खिडक्यांची बीडिंग, तिकोनी काचेचं रबर आणि समोरच्या काचेची चौकट तडकते. मग पहिल्या जोरदार पावसात पाणी काचेच्या कोपऱ्यातून डॅशबोर्डच्या मागून खाली उतरतं आणि चालकाच्या पायाखालच्या चटईत मुरतं. ती चटई उचलल्याशिवाय फियाट विकत घेऊ नये. तशीच डिकीतली स्टेपनी उचलावी, आणि बॅटरीखालचा तबकडीसारखा पत्राही बघावा. तिथे गंज पावसाने येत नाही, ॲसिडने येतो.

चकचकीत गाडी दिसली की आणखी सावध व्हावं. पुट्टी हा जुन्या गाड्यांचा मधुमेह आहे, वरून काही दिसत नाही. छोटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या चार इंचांवर, चाकांवरच्या कमानीवर आणि दाराखालच्या पट्टीवर फिरवायचं. जिथे ओढ एकदम सुटते तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दोन-तीन मिलिमीटर पुट्टी चालते, पत्र्याची हातोडीने न गेलेली लहर तेवढ्याने भरते. बोटभर जाडीची पुट्टी म्हणजे गंजलेलं भोक झाकलंय. ती पहिल्या उन्हाळ्यात ताणते, दुसऱ्या पावसाळ्यात कडेने फुटते, आणि फुटल्यावर आत स्पंजासारखं पाणी धरून ठेवते. चुंबक जवळ नसेल तर सकाळी साडेसातच्या तिरप्या उन्हात गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर डोळा आणून बाजूच्या अंगावरून नजर पुढे न्यायची. शेजारच्या इमारतीच्या गॅलरीचं प्रतिबिंब सरळ रेषेत गेलं तर पत्रा चांगला. पाण्यासारखं हललं तर कुणीतरी भरपूर पुट्टी ओतली आहे. दार लावल्याचा आवाजही ऐकावा. चांगलं दार एकदाच ‘ठप्प’ करतं. आपटल्यावर आत खडखड झाली तर बिजागऱ्यांच्या पिना झिजल्यात, किंवा काचेची खोबण सुटलीय.

मग इंजिन. मालक सुरू करत असेल तर पुढे न जाता मागे उभं राहायचं, सायलेन्सरपाशी. थंड इंजिन लागताना निळा धूर निघून एका मिनिटात गेला, तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत, रात्रभर तेल तिथून पाझरलंय. पाय दाबल्यावर निळा धूर येतच राहिला तर पिस्टन रिंगा, म्हणजे बोर मारायचा खर्च. काळा धूर असेल तर चोक अडकलाय किंवा कार्बरेटर पेट्रोल जास्त सोडतोय. पांढरी वाफ थांबतच नसेल आणि तेलाच्या बुचाखाली सायीसारखा पिवळट थर असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सीलपट्टी गेली. फियाटच्या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर दोन्ही सारखं प्रसरण पावत नाहीत. एकदा इंजिन भयंकर तापलं की हेड वाकतं, आणि नुसतं नवीन गॅस्केट टाकून गाडी दिली तर महिन्याभरात परत तीच गत. हेड उतरवल्यावर त्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी आणि कर्णावर ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकतो का ते बघायलाच हवं. सरकला तर हेड घासून सपाट करून घ्यायचं. परत बसवताना नट मधून कडेला, फेऱ्याफेऱ्याने आवळायचे. कडेच्या नटापासून सुरुवात करणारा मिस्त्री दिसला तर चहा प्यायच्या आधीच गाडी घेऊन निघावं.

तापण्याचं मूळ बहुधा रेडिएटरमध्ये असतं. वर्षानुवर्षं नळाचं, बोअरचं पाणी भरल्याने नळ्यांत क्षार बसतो, चहाच्या किटलीत बसतो तसाच. त्यात कुणीतरी ‘आपल्याकडे गरम हवा आहे’ म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप, काढून फेकलेला असतो. हा उपाय दिसायला सोपा, पण मग इंजिन थंडीत योग्य तापमानाला येतच नाही, पेट्रोल जास्त खातं आणि सिलिंडर झिजतात. नळ्या साफ करून, थर्मोस्टॅट परत बसवून, कूलंट आणि शुद्ध पाणी अर्धं-अर्धं भरलं, पंख्याचा पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबेल एवढा ठेवला, तर सायनच्या सिग्नलवरही काटा मध्यावरच राहतो.

उन्हात पेट्रोल पंपाचा त्रास वेगळा. इंजिनाला चिकटलेला यांत्रिक पंप तापतो, आतलं पेट्रोल उकळून वाफ होते, आणि वाफ ओढली जात नाही. गाडी चढावर मरते, दहा मिनिटांनी काही न झाल्यासारखी सुरू होते. पंपावर ओलं फडकं टाकायचा उपाय पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे आणि तो खरंच चालतो. पण खरा इलाज म्हणजे पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड ठोकळा बसवणं आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या फाट्यापासून लांब वळवून घेणं. आता त्यात ई-२० ची भर पडली. पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलने जुन्या काळ्या रबराच्या नळ्या फुगतात, मऊ होतात, आतून सोलतात. ते कण कार्बरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, अडकतात. नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकी अर्धी ठेवून गाडी चार महिने उभी करू नये. उभीच ठेवायची तर टाकी काठोकाठ भरावी, नाहीतर पूर्ण रिकामी करावी. शिवाय या इंधनात प्राणवायू जास्त, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, इंजिन ओढताना अडखळतं. जेट थोडा मोठा केला की बरं चालतं.

दांड्यावरच्या गिअरबद्दल लोक नाकं मुरडतात. बिचाऱ्याचा दोष नसतो. गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळयांच्या टोकांना छोटे बुश असतात. ते झिजले की दांडा ढिला पडतो आणि ‘गिअर पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. खराद्याकडून पितळेचे किंवा नायलॉनचे बुश करून घेतले की तोच दांडा दोन बोटांनी हलतो. एक लक्षात ठेवायचं, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणारी योजना, नाही. गाडी चालती असताना पहिला गिअर घातला तर करकर होणारच. थांबून घाला, किंवा क्लच दोनदा दाबायला शिका. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलावं. नाहीतर चाकाच्या सिलिंडरमध्ये गंज धरून पावसाळ्यात एक चाक धरतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

आता सुधारलेल्या, म्हणजे मॉडिफाय केलेल्या गाड्या. त्या बघताना एकच प्रश्न विचारावा: जे काढलं ते काय काम करत होतं, हे करणाऱ्याला माहीत होतं का? काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांना माहीत होतं. त्यांनी वर लोखंडी कॅरिअर लावला, डिकीत सीएनजीची टाकी बसवली, आणि टाकीच्या वजनाने मागचं अंग बसू लागलं तसा मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवला. आत छतालाही फुलाफुलांचं रेक्झिन. कुठल्याही प्रदर्शनात त्या गाड्यांना बक्षीस मिळालं नसतं. पण त्या बदलांत एकही गोष्ट नुसती दाखवायला नव्हती. (रेक्झिन सोडून. आणि रेक्झिनही सोडवत नाही.) मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाही.

उलट, इंस्टाग्रामसाठी केलेली फियाट लांबूनच कळते. मागचे पाटे कापून किंवा ठोकळे घालून ती जमिनीला टेकवलेली असते. पाटे खाली आणले की मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ठरावीक वेगाला अंगभर थरथर सुटते, आणि मागे तीन माणसं बसली की टायर कमानीला घासतो. पाटा तापवून सरळ करणारे तर गुन्हेगारच. पोलादाचा ताव त्याने जातो आणि पाटा खड्ड्यात तुटतो. टायरचंही तसंच. मूळ माप ५.२०-१४. आज १५५/८० आर १४ घेतला तर त्याचा व्यास साधारण ६०४ मिलिमीटर, मूळच्या जवळचा. ‘रुंद दिसावं’ म्हणून १६५/६५ आर १४ घातला तर व्यास ५७० वर येतो. स्पीडोमीटर सहा टक्के जास्त दाखवतो, गाडी आणखी दीड-पावणेदोन सेंटिमीटर खाली जाते आणि सोसायटीच्या गतिरोधकावर सायलेन्सर आपटतो. अर्धवट माहितीचा आवडता बदल म्हणजे दिवे. ६०/५५ वॅटचे दोन हॅलोजन लावले की वरच्या झोतात १२० वॅट, म्हणजे बारा व्होल्टला दहा अँपिअर. ते जुन्या स्विचमधून नेले तर स्विच वितळतो, आणि डॅशबोर्डमधून येणारा तो वास कुठला हे बऱ्याच जणांना आग लागल्यावर कळतं. बॅटरीवरून फ्यूज घालून, रिले बसवून, अडीच स्क्वेअरची वायर वेगळी ओढायची आणि जुन्या स्विचला फक्त रिले चालवायला लावायचं. त्यातही जुन्या गाडीत डायनामो असेल तर सिग्नलवर इंजिन हळू चालताना तो वीज करतच नाही. आधी अल्टरनेटर, मग हॅलोजन.

इंजिन बदलायचंच असेल तर ११८-एनईचं ११७१ सीसीचं निस्सान इंजिन हा मला समंजस पर्याय वाटतो. ताकद ५२ अश्वशक्ती, म्हणजे मूळच्या ब्रेकना आणि पाट्यांना झेपेल एवढीच वाढ. काम तरी सोपं नसतं. इंजिनाच्या बैठका नव्या कराव्या लागतात, जमिनीवर गिअरसाठी गाडीच्या तळातल्या, गिअरबॉक्सवरच्या बोगद्याचा पत्रा कापून परत शिवावा लागतो, प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलून तो बॅलन्स करून घ्यावा लागतो. तो बॅलन्स न करता बसवलेल्या गाड्या सत्तरच्या वर गेल्या की आरशात मागचं काही स्पष्ट दिसत नाही. याहून मोठं इंजिन घालून ब्रेक तेच ठेवणाऱ्याला सुधारक म्हणता येत नाही. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्यामुळे इंजिन बदलण्याआधी आरटीओची मंजुरी आणि बदलल्यावर आरसीवर नोंद. रंग बदलला तरी नोंद हवी, हे अनेकांना पोलिसाने थांबवल्यावरच कळतं.

पन्नाशी उलटलेल्या फियाटच्या मालकांपुढे मात्र एक दुसरा रस्ता आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येईल असा नियम २०२१ साली आला. पाटीवर व्हीए अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, फेरनोंदणीला ५ हजार. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, आणि गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. ही शेवटची अट खटकते. हॉर्निमन सर्कलवरून निघणाऱ्या रॅलीत झळकलेल्या गाड्यांना ती सोयीची आहे. पण जी फियाट आजही आजोबांना दवाखान्यात नेते आणि रविवारी मासे आणते, तिला व्हिंटेज झाल्यावर घरीच बसावं लागेल. तिच्या रिंगा, रबरं आणि ब्रेक चालण्यामुळेच चांगले राहिलेत. उभ्या गाडीचे सील सुकतात, टायर एका जागी चपटे होतात, सिलिंडरच्या भिंतींना गंज धरतो.

सुटे भाग अजून मिळतात, फक्त पायपीट हवी. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. किंगपिनचे संच, क्लच प्लेट, ब्रेकचे किट नवे सापडतात. काचेच्या हँडलांसाठी, तिकोनी काचेच्या कड्यांसाठी भंगारवाल्यांशी ओळख ठेवावी लागते. जे कुठेच नाही ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात घेऊन जावं. ओतकाम आणि लेथ यांच्या त्या गावात जुना तुकडा नमुन्याला दिला की नवा करून मिळतो. मात्र तुकडा झिजलेला असेल तर झीज धरून माप सांगायचं, नाहीतर नवा भाग जन्मतःच झिजलेल्या मापाचा येतो. पॉइंट आणि कंडेन्सर, म्हणजे इंजिनाची ठिणगी पाडणारी जोडी, घेताना घाई करू नये. आजकाल येणारे कंडेन्सर गरम झाले की दगा देतात, म्हणून एक चाललेला जुना डिकीत ठेवावा. पॉइंटची फट ०.४५ मिलिमीटर. फीलर गेज नसेल तेव्हा मिस्त्री व्हिजिटिंग कार्डाने मोजतात, पण कार्डांची जाडी सारखी नसते. आधी ते कार्डच एकदा मोजून घेतलेलं बरं.

आणि अशी गाडी रस्त्यावर बघत असताना मालक खाली आला, तर ‘विकायची आहे का’ असं विचारू नये. दिवसातून दोनदा त्याला ते विचारलं जातं. गाडी कुणाच्या हातची आहे, ते विचारावं. तो मिस्त्रीचं नाव सांगेल, गॅरेज कुठल्या गल्लीत आहे ते सांगेल, हल्ली मुलगा बघतो म्हणेल, आणि बोलता बोलता स्वतःच बॉनेट उघडेल.